रुंद टायरची हौस आणि पोस्टकार्डाएवढी जमीन



उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये नेहरू चौकाच्या आसपास संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे उभे राहा. एखादी मोटारसायकल अशी दिसेल, की तिचे पुढचे चाक कंपनीने दिलेले, साधेच आहे. मागचे मात्र मोटारीला शोभेल इतके रुंद आहे. एखाद्या जुन्या जीपची मागची चाके मडगार्डाच्या चार बोटे बाहेर आलेली असतात. असे का केले, असे मालकाला विचारा. उत्तर ठरलेले असते : "ग्रिप वाढते!"

आता हाच प्रश्न अकरावीचे पुस्तक पाठ केलेल्या विद्यार्थ्याला विचारा. तो म्हणेल, "घर्षणबल हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. म्हणून टायर रुंद केल्याने काहीही फरक पडत नाही."

या दोघांत खरे कोण? माझे स्पष्ट मत असे आहे, की दोघांचीही उत्तरे अर्धी आहेत. गॅरेजमधले अर्धे उत्तर पावसाळ्यात अपघात घडवू शकते आणि वर्गातले अर्धे उत्तर विद्यार्थ्याचा विज्ञानावरचा विश्वास उडवू शकते. कारण ज्या मुलाने थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये टायर चढवले आहेत, त्याला पुस्तकातला नियम डोळ्यांसमोर खोटा पडलेला दिसतो. मग तो "शाळेचे शास्त्र वेगळे आणि रस्त्याचे वेगळे" असे मनाशी ठरवून टाकतो. हे नुकसान टायरच्या किमतीहून फार मोठे आहे.

म्हणून हा प्रश्न आज आपण नीट सोडवू.

पुस्तकातला नियम कोठे थांबतो?

घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा नियम फ्रान्समध्ये आमोंतों याने १६९९ साली मांडला. पुढे कूलोम याने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर पुष्कळ प्रयोग केले. लाकडावर लाकूड, धातूवर धातू अशा कोरड्या, कठीण पदार्थांना तो बराचसा लागू पडतो. तसे का, याचा उलगडा केंब्रिज येथील बाउडेन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केला. दोन पृष्ठभाग आपल्याला एकमेकांना पूर्ण चिकटलेले दिसतात, पण प्रत्यक्षात ते केवळ बारीक उंचवट्यांच्या टोकांवरच टेकलेले असतात. भार दुप्पट केला, की ही टोके चेपली जाऊन खरा स्पर्श दुप्पट होतो. म्हणून घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते. वीट आडवी ठेवा की उभी, भार तोच असल्याने घर्षणही जवळजवळ तेवढेच राहते.

रबर मात्र या शिस्तीत बसत नाही. ते मऊ असल्याने रस्त्याच्या खाचाखोचांत शिरते. थोड्या दाबानेच त्याचा बराचसा स्पर्श होऊन जातो. नंतर दाब दुप्पट केला, तरी खरा स्पर्श दुप्पट होत नाही. म्हणजे दाब जसा वाढेल, तसा रबराचा घर्षणगुणांक थोडा थोडा कमी होतो. उलट तोच भार अधिक रबरावर पसरला, तर पकड काहीशी वाढते. गॅरेजवाल्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढे.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, हा नियम शिकवताना "कोरड्या, कठीण पृष्ठभागांसाठी, स्थूलमानाने" एवढे चार शब्द जोडायला आपण विसरू नये. नियम कोठे लागू पडतो हे सांगणे जितके आवश्यक, तितकेच तो कोठे थांबतो हे सांगणे आवश्यक आहे.

चाकाखाली किती जमीन असते?

आता गॅरेजवाल्याची चूक पाहू. टायर रुंद केला, की जमिनीला टेकणारा भाग त्याच प्रमाणात वाढतो, असे त्याला वाटते. तसे होते काय?

एका मोटारीचे वजन १२०० किलोग्रॅम धरा. प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅम भार आला. टायरमध्ये ३० पौंड हवा आहे. म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड, अर्थात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम. हा भार मुख्यतः आतली हवाच पेलते. तेव्हा टेकलेले क्षेत्रफळ ३०० भागिले २.१, म्हणजे सुमारे १४३ चौ. सें.मी. इतके हवे. टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, म्हणून हे उत्तर ढोबळ आहे, पण समजूत पटण्यास पुरेसे आहे.

१४३ चौ. सें.मी. म्हणजे केवढे? टपालाच्या पोस्टकार्डापेक्षा थोडेसे मोठे! सव्वा टनाची मोटार, आत बसलेली माणसे, वळणे, ब्रेक, सगळे काही अशा चार पोस्टकार्डांवर चाललेले असते.

या हिशेबात टायरची रुंदी कोठेच आली नाही, हे ध्यानात आले ना? भार तोच आणि हवेचा दाब तोच, तर क्षेत्रफळही जवळजवळ तेच. बदलतो तो आकार. टेकलेला भाग १५ सें.मी. रुंद असेल, तर त्याची लांबी साडेनऊ सें.मी. येते; तो २० सें.मी. रुंद केला, तर लांबी सात सें.मी.वर उतरते. म्हणजे आपण पोस्टकार्ड मोठे केले नाही, नुसते आडवे फिरवले आणि थोडे ताणले. क्षेत्रफळ खरोखर वाढवायचे, तर रुंद टायरमध्ये हवेचा दाबही कमी ठेवावा लागतो.

मग शर्यतीच्या गाड्यांचे टायर इतके रुंद का? त्याला तीन कारणे आहेत. एक, त्यांत हवा कमी भरता येते. दोन, रुंद टायरमध्ये रबर जास्त असल्याने ते लवकर तापून झिजत नाही. म्हणून अधिक मऊ, अधिक पकडणारे रबर वापरता येते. तीन, वळणावर आखूड-रुंद स्पर्श बाजूचा जोर चांगला सोसतो. पकड वाढते ती प्रामुख्याने रबराच्या जातीमुळे. बाजारातला स्वस्त, कडक रबराचा रुंद टायर नुसती रुंदी देतो. तिच्यामागचे कारण देत नाही.

अमेरिकन गाडीला गरज होती

मागची चाके रुंद करण्याची ही टूम मुळात अमेरिकेतली. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीची जी.टी.ओ. ही गाडी आली. मध्यम आकाराच्या मोटारीत मोठ्या मोटारीचे ६.४ लिटरचे इंजिन बसवलेली ही गाडी. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार', म्हणजे जणू पैलवान गाड्या, असे नाव पडले. इंजिन पुढे, जोर मात्र मागच्या चाकांना. इंजिनाची शक्ती कंपनीच्या आकड्यानुसार ३२५ अश्वशक्ती, आणि टायर त्या काळचे, अरुंद.

आता शक्ती = बल × वेग हे सूत्र लावू. गाडीचे वजन १६०० किलोग्रॅम धरा आणि त्यातले ७२० किलोग्रॅम मागच्या चाकांवर आहे असे माना. घर्षणगुणांक ०.८ घेतला, तर मागचे टायर जास्तीत जास्त ७२० × ९.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५,६५० न्यूटन बल रस्त्यावर टाकू शकतात. इंजिनाची चतुर्थांश शक्ती वाटेत खर्च झाली असे धरले, तरी सुमारे १,८२,००० वॅट उरतात. भागाकार करा : ३२ मीटर दर सेकंद, म्हणजे ताशी ११५ किलोमीटर. याचा अर्थ असा, की योग्य गिअर मिळाला तर ताशी ११५ किलोमीटरपर्यंत हे इंजिन टायरला घसरवू शकते. (वेग घेताना थोडा भार मागे सरकतो, तो आपण सोडून दिला आहे.) इंजिन दांडगे आणि टायर दुबळा! म्हणून तिकडच्या हौशी लोकांनी मागचा टायर रुंद केला. त्यांच्या दुखण्यावर ते औषध होते.

आता आपल्याकडची गाडी घेऊ. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ पासून २००२ पर्यंत बनत होती. लांब बॉनेट आणि रुबाबदार ठेवण यांमुळे पुष्कळ जण तिला भारतीय 'मसल कार' म्हणतात, आणि आज जुन्या काँटेसा शोधून त्यांना रुंद टायर चढवतात. तिच्या सुरुवातीच्या नमुन्यात अँबॅसेडरचे १४८९ घ.सें.मी.चे इंजिन होते. शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती. मागच्या चाकांवर ६०० किलोग्रॅम धरून वरचाच हिशेब केला, तर ताशी सुमारे २१ किलोमीटर हे उत्तर येते. त्यापलीकडे, कोरड्या रस्त्यावर, इंजिनाची सगळी ताकद लावली तरी मूळचा टायर घसरणार नाही. ज्या गाडीला ते दुखणेच नाही, तिला औषध कशाला? आपल्या मोटारसायकलचा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. उत्तर फारसे निराळे येणार नाही.

जागा करायची म्हणजे काय काय करायचे?

रुंद टायर नुसता आणून बसत नाही, त्याला जागा करावी लागते. अमेरिकेतले कारागीर हे काम पायरीपायरीने करतात. प्रथम मडगार्डाची आतली कड दुमडतात. ते पुरले नाही, तर मागचे कमानपाटे आतल्या बाजूला सरकवतात. तरीही टायर मावला नाही, तर चाकावरचा पत्र्याचा घुमट कापून आत रुंद करतात. शेवटी मागचा अॅक्सलच दोन्ही बाजूंनी आखूड करतात. या सगळ्यांत सूत्र एकच : टायर आतल्या बाजूला वाढवायचा, बाहेर नाही. चाकाची मध्यरेषा बेअरिंगपासून दूर जाऊ द्यायची नाही.

आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्पेसर घालून चाकच बाहेर काढणे. याचे गणित तराजूच्या दांडीचे आहे. ३०० किलोग्रॅम भार बेअरिंगपासून ५ सें.मी.वर असेल, तर आघूर्ण सुमारे १४७ न्यूटन-मीटर. चाक आणखी ५ सें.मी. बाहेर काढले, की ते २९४, म्हणजे थेट दुप्पट! गाडीचे वजन एक किलोनेही वाढले नाही, पण बेअरिंग आणि अॅक्सल यांवरचा ताण दुप्पट झाला. आणि हा हिशेब गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटल्यावर काय होत असेल, याची कल्पना करा.

मोटारसायकलचे दुखणे वेगळे. जुन्या बुलेटचा मागचा टायर ३.२५-१९ मापाचा, म्हणजे सव्वातीन इंचांचा. तिच्या मागच्या चिमट्यात जागा बेताची; त्यात जाड टायर घातला, की तो चेनला घासतो. मग मागचे स्प्रॉकेट बाहेर सरकवतात. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट एका रेषेत राहिले नाही, तर चेन तिरकी ओढली जाते, दात झिजतात आणि एखादे दिवशी चेन उतरून मागच्या चाकात अडकते. शिवाय मागचा टायर जितका रुंद, तितका वळताना जमिनीला टेकणारा बिंदू मधल्या रेषेपासून वळणाच्या आतल्या बाजूस सरकतो. म्हणून त्याच वळणाला, त्याच वेगाने, गाडी अधिक कलवावी लागते. रुंद टायरची गाडी "वळत नाही, अडते" असे चालवणारे सांगतात, ते याचमुळे.

मोटार व जीप यांच्या बाबतीत वेगमापकाचाही विचार करा. टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. म्हणजे रुंदी १८५ मि.मी., भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. व्यास काढा : ६२१.५ मि.मी. आता २०५/६५ आर १५ चढवला, तर व्यास ६४७.५ मि.मी. होतो. ज्या गाडीत वेगमापक गिअरबॉक्सवरून चालतो, तेथे काटा ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टने धावत असेल. हाच टायर २०५/६० मापाचा घेतला असता, तर फरक एक टक्क्याच्या आत राहिला असता. दोन ओळींचे गणित, पण किती जण करतात?

आणि मग पाऊस येतो

उल्हास नदीच्या काठच्या लोकांना पाऊस म्हणजे काय, हे सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. तेवढा पाऊस नेहमी पडत नाही. पण जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाणी साचलेले असते, हे तर दरवर्षीचे आहे.

पाण्यातून धावणाऱ्या टायरला समोरचे पाणी बाजूला सारावे लागते. वेग वाढला आणि पाणी वेळेत हटले नाही, तर टायर पाण्यावर उचलला जातो. मग सुकाणू फिरवा की ब्रेक दाबा, काही उपयोग नाही. 'नासा'च्या हॉर्न आणि ड्रेअर यांनी १९६३ साली विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून यासाठी एक सोपे सूत्र दिले : पौंडांतल्या हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढा आणि त्याला १६.६ ने गुणा, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये तो धोक्याचा वेग मिळेल. ३० पौंडांना हे उत्तर ९१ येते, २० पौंडांना ७४.

म्हणजे पाहा, पकड वाढावी म्हणून रुंद टायरमधली हवा कमी केली, तर पाण्यावर उचलले जाण्याचा वेगही खाली आला! शिवाय आपले पोस्टकार्ड आता आडवे आहे. अरुंद होडी पाणी चिरत जाते, रुंद तराफ्याला ते लोटावे लागते. आखूड-रुंद स्पर्शालाही जास्त पाणी, कमी वेळात बाजूला सारायचे असते. म्हणून टायर झिजून नक्षी गुळगुळीत झालेला असेल आणि पाणी साचलेले असेल, तर हा धोका सूत्रातल्या आकड्याच्याही बराच आधी समोर येतो. शर्यतीच्या मैदानावर जे गुण ठरते, ते कल्याण-बदलापूर रस्त्यावर जुलैत अवगुण ठरते.

हौसेला मोल नाही?

काही जण म्हणतील, "सर, हौसेला मोल नसते. गाडी देखणी दिसते, एवढे कारण पुरे आहे." हौस मला मान्य आहे. जुनी गाडी जतन करणे, तिच्यावर रात्रंदिवस खपणे, हे तर फार चांगले शिक्षण आहे. स्वतःच्या आवारात किंवा प्रदर्शनात काय ते जरूर करा. पण रस्ता आपल्या एकट्याचा नाही. बेअरिंग तुटले, तर चाक कोणाच्या अंगावर जाईल हे हौस ठरवत नाही. कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर निर्णय देताना ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. माझा तुम्हाला सल्ला असा, की कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांपलीकडचा टायर रस्त्यावरच्या गाडीला चढवू नये.

नक्कल कशाची करावी?

आपल्या गावाबद्दल दोन शब्द. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली माणसे तिच्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या माणसांनी हाताला मिळेल ते काम करून कारखाने आणि बाजार उभे केले. कोणतीही वस्तू पाहून तशीच बनवण्यात हे गाव इतके तरबेज झाले, की "मेड इन यू.एस.ए." म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद देशभर पसरला.

या विनोदाची लाज वाटण्याचे कारण नाही. पाहून बनवणे ही शिकण्याची पहिली पायरी आहे. प्रश्न एवढाच, की नक्कल कशाची करावी? अमेरिकन गाडीचे रुंद मागचे चाक ही दिसणारी गोष्ट आहे. ते रुंद का केले, टायर आत का वाढवला, हवा किती ठेवली, हा न दिसणारा हिशेब आहे. आकाराची नक्कल डेंटर दोन दिवसांत करील. हिशेबाची नक्कल करायला मात्र शाळा लागते, आणि ती शाळा व ते गॅरेज एकाच गल्लीत असूनही एकमेकांशी बोलत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, दोन प्रयोग करा.

पहिला : जुन्या रबरी चपलेच्या तळाचे ५ × ५ सें.मी. आणि ५ × १० सें.मी. असे दोन तुकडे कापा. दोन सारख्या फळ्यांना खालून एकेक चिकटवा. प्रत्येकीवर २ किलोचे वजन ठेवून फरशीवरून ताणकाट्याने ओढा. मग फरशी ओली करून ओढा. नंतर वजन ४ किलो करा. दर वेळी दहा वाचने घ्या आणि सरासरी काढा.

दुसरा : सायकलच्या मागच्या टायरला शाई लावा. वजनकाट्यावर आलेखाचा कागद ठेवून त्यावर ते चाक टेकवा, पुढचे चाक तेवढ्याच उंचीवर ठेवा आणि एका मित्राला सीटवर बसवून दुसऱ्याला सायकल धरायला सांगा. ठशातले चौरस मोजा. भार ४५ किलो आणि हवा ४० पौंड असेल, तर सुमारे १६ चौ. सें.मी. यायला हवेत. हवा २० पौंडांवर आणून पुन्हा पाहा.

शिक्षकांनाही एक विनंती. घर्षणाचा धडा घेण्याआधी जवळच्या टायरवाल्याला एक तासासाठी वर्गात बोलवा. कोणता टायर कोठे झिजतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते; का झिजतो, हे आपण मुलांकडून काढून घेऊ. मुलांनी त्याच्यासमोर वरचे भागाकार फळ्यावर करून दाखवावेत. चुकले, तर तो सांगेल. बरोबर आले, तर पुढच्या गिऱ्हाइकाला स्पेसर लावण्याआधी तो नक्की थांबून विचार करील.